डॉनचं अडलेलं पान

नाना, हल्ली मला उजाडायची भीती वाटते.

जाग येते तेव्हा बाहेर काळोखच असतो. घोडबंदर रोड तेवढ्यापुरता गप्प असतो, वरच्यांच्या बाथरूमचा नळ तेवढा वाजत असतो. मी डोळे मिटून पडून राहते. थोड्या वेळाने पापण्यांना कळतं की खिडकीत उजेड आलाय, तरी मी उघडत नाही. उघडले आणि कालच्यापेक्षा कमी दिसलं तर? मग देवाचं नाव घेते, मग तुमचं घेते, आणि एकदाचा उजवा डोळा उघडते. पंखा दिसतो. कपाट दिसतं. मग डावा. दाराची चौकट डावीकडे जिथे असायला हवी तिथे काहीच नसतं. मान वळवली की असते, आपल्या जागी, कालच्यासारखी. मग मी उठते, तोंड धुते, चहा टाकते आणि सुनेला विचारते, "झोप लागली का गं नीट?"

हे तुम्हाला मी सांगितलं नाही. जगातलं सगळं सांगितलं, हेच नाही सांगितलं. आणि आता सांगायला बसलेय तर तुम्ही नाही.

काल तुमचा दहावा झाला. तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर अजून तुमचं नाव आहे. सेक्रेटरींनी सुरेख अक्षरात लिहिलंय, 'दृष्टिहीन असूनही इंग्रजीचे नामवंत शिक्षक'. लिफ्टची वाट बघत उभी होते तेव्हा मी ते मनातल्या मनात तुम्हाला वाचून दाखवलं, सवयीने. तुमचा आवाज आलाच. "असूनही म्हणजे काय गं? टक्कल असूनही, असं लिहितात का कुणाचं?" मला खुदकन हसू आलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना वाटलं असणार, काय बाई आहे ही, माणूस जाऊन पुरते दिवस झाले नाहीत आणि दात काढतेय.

वाचून दाखवणं हेच तर माझं तुमच्याशी नातं. डोंबिवलीत तुम्ही आमच्या डोक्यावर राहायचात. मी कॉलेजात, तुम्ही कल्याणच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. मुलांचे पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं म्हणून तुमच्या आईने माझ्या आईकडे शब्द टाकला, आणि मी जिना चढून वर आले ती आलेच. लग्न झालं, बँकेतली नोकरी झाली, मुलगा झाला, नवरा गेला. तुम्हाला वाचून दाखवणं काही सुटलं नाही. पुढे तुम्ही आणि तुमची बहीण कुमुद कोलशेतला खाडीकडच्या टॉवरमध्ये राहायला आलात आणि मी मुलासोबत इकडे घोडबंदर रोडला. लोक म्हणाले, काय योगायोग! कसला डोंबलाचा योगायोग? तुम्हीच माझ्या मुलाला फोन करकरून इथे फ्लॅट बघायला लावलात. "माझे डोळे डोंबिवलीत ठेवून मी ठाण्यात काय करू?" म्हणालात. तेव्हा आपण किती हसलो होतो. आता ते वाक्य आठवायलाही नको वाटतं.

कामाची वेळ तुमची पहाटेची. रस्ता जागा झाला की मला शब्द ऐकू येत नाहीत, हे तुमचं म्हणणं. मी पहिल्या बसने यायचं, कुमुदने दार उघडायचं, गॅलरीत दोन खुर्च्या, मध्ये स्टुलावर चहा आणि माझा लॅपटॉप. पुस्तक मराठी शाळेतल्या मुलांसाठी. एका इंग्रजी शब्दाला एक पान. शब्द, त्याचे अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला एक उदाहरण. उदाहरण घडलेलंच हवं, हा तुमचा नियम. तुमच्या नाहीतर माझ्या बाबतीत खरोखर घडलेलं. "सूर्य पूर्वेला उगवतो असली वाक्यं लिहिणाऱ्यांना नेऊन खाडीत बुडवा," म्हणायचात. "पोरांना खोट्या वाक्याचा वास येतो. खोटं वाक्य पाठ होतं, पण येत कधीच नाही." त्यापायी आपली भांडणं किती! 'ब्रेव्ह' या शब्दाला माझ्याकडे एकही उदाहरण निघेना तेव्हा तुम्ही खुशाल म्हणालात, "जाऊ दे. भागूबाईकडे कुठून असणार?" तेव्हापासून मी तुमची भित्री भागूबाई. कुमुदसुद्धा म्हणायला लागलेली.

आणि मग आलं ते डॉनचं पान. तुम्ही खुर्चीत ताठ बसलात आणि सांगितलंत, "पहिली ओळ लिही. पोरांनो, हा पिस्तूलवाला डॉन नव्हे." मी लिहिली. मग शब्दकोश उघडला, तिथे होतं, दिवसाचा पहिला उजेड. मी पुढे लिहिलं, पहाट.

"खोड ते," तुम्ही म्हणालात.

"का? डॉन म्हणजे पहाटच ना?"

"तू आत्ता घरून निघालीस तेव्हा काय होती?"

"पहाट."

"उजेड होता?"

"छे हो. काळाकुट्ट अंधार. बसचा नंबर दिसेना मला."

"झालं तर मग. आपली पहाट अंधारातच सुरू होते. पहाटे चारला उठलो म्हणतो आपण. इंग्रजांना डॉन म्हणायचं तर आधी दिसायला लागतं. त्यांची गोष्ट डोळ्यांची, आपली कानांची. माझी पहाट तुझ्याआधी होते, विजू."

मी काय गप्प बसणार? "आणि तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं, हे काय कानांचं आहे? आपल्या आज्यांना डोळे नव्हते?"

"आज्यांना होते. मला नाहीत. आणि पान माझं आहे."

"पान पोरांचं आहे!"

तेवढ्यात कुमुद चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमचं उजाडेपर्यंत याचं सरबत होईल. प्या मुकाट्याने."

तो वाद तसाच राहिला. रोज पहाटे तुम्ही पुरावे गोळा करायचात. नाक वर करून म्हणायचात, "ओहोटी लागली बघ," आणि खरंच चिखलाचा वास यायचा. कोळ्यांच्या होडीचं इंजिन, कारखान्याची पाळी सुटल्यावर गेटाशी होणारी बोलाचाली, मग एक बुलबुल. "झाली पहाट. तुझं दिसायला लागलं का काही?" मी म्हणायची, हो, खाडीपलीकडे राखाडी दिसतंय. "राखाडी कसा?" जुन्या सतरंजीसारखा. "म्हणजे खरखरीत." हो. "मग ठीक आहे." तुम्हाला सांगायचं म्हणून मी नीट बघायला शिकले, नाना. नाहीतर बँकेतून घरी आणि घरातून बँकेत, आकाश कशाला बघतेय मी? माझ्या आयुष्यात जेवढं म्हणून उजाडताना पाहिलंय ते सगळं तुमच्याकरता. त्याचे आभार मानायचे राहिले. तुम्ही मानूही दिले नसतेत, "पुढचं वाच" म्हणाला असतात.

दुसऱ्या अर्थाला फार वेळ लागला नाही. एखाद्या मोठ्या गोष्टीची सुरुवात. तुम्ही बजावलंत की दुकान सुरू झालं त्याला डॉन म्हणत नाहीत. ज्याच्यानंतर आधीसारखं काही राहत नाही त्याला म्हणतात. तुमचं उदाहरण तयार होतं. घरात रेडिओ आला ती तुमच्या इंग्रजीची पहाट. "आता बरी चालते पहाट?" मी टोकलं. "इथे चालते," म्हणालात, आणि वर "लिही" म्हणून दरडावलंत. हरलेला वाद तुम्ही असाच चिरडायचात. फार लबाड होतात तुम्ही.

घोडं अडलं ते तिसऱ्या अर्थापाशी. इट डॉन्ड ऑन मी. हळूहळू लक्षात येणं. मी म्हटलं, डोक्यात प्रकाश पडला, लिहू का? तुम्ही म्हणालात, प्रकाश एकदम पडतो, बटण दाबल्यासारखा. हे तसं नाही. गोष्ट आधीच घडून गेलेली असते, आपल्याला उजाडत उजाडत कळतं. आणि मग तुम्ही मला कल्याणच्या शाळेतली ती हकिगत सांगितलीत, जी एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. दहावीचा वर्ग. तुम्ही कविता शिकवत होतात. पोरं चपला हातात घेऊन एकेक करून मागच्या दाराने सटकली. तुम्ही शिकवताय, शिकवताय. कुणी खोकत नाही, बाक करकरत नाही. मग तुम्हाला तुमचाच आवाज जरा मोठा वाटायला लागला. भिंतीवरून परत यायला लागला. "तेव्हा इट डॉन्ड ऑन मी," तुम्ही म्हणालात, "की समोर कुणी नाही."

"मग काय केलंत?"

"काय करणार? घंटा होईपर्यंत शिकवलं. तास होता माझा."

मी ते टाईप करताना सारखी चुकत होते. तुम्ही मात्र चहाचा घोट घेऊन म्हणालात, "हं, माझं झालं. आता या अर्थाला एक तुझं दे. बाईमाणसाचंही हवं पानावर."

मी दिली की उदाहरणं. सुनेला माझी आमटी आवडत नाही हे मला हळूहळू कळलं. "खोटं. ते तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं." बँकेतल्या मॅनेजरना माझ्यावर भरवसा नाही, हे हळूहळू कळलं. "खोटं. तो तुझ्यावरच सगळं टाकून पिक्चरला जायचा." रोज एक वाक्य न्यायचं आणि रोज तुम्ही ते परत करायचं. आठवडे गेले. इतर पानं पुढे गेली, डॉनचं पान अडून बसलं. "विजू, तुझ्याकडे आहे," तुम्ही एकदा म्हणालात. "असून देत नाहीयेस."

होतं माझ्याकडे. इतकं चोख होतं की तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिला असतात.

सुरुवात तुमच्याच गॅलरीत झाली. कुमुदची तुळस डाव्या कोपऱ्यात असते ती मला एके दिवशी दिसेना, आणि मी विचारलं, तुळस हलवलीस का गं? तिने हलवली नव्हती. मग खांदे दारांना आपटायला लागले. चहा कपात ओतायच्या ऐवजी कपाशेजारी ओतला, आणि सून हसली म्हणून मीही हसले. कोलशेत नाक्यावर डावीकडून एक बाईकवाला आला, तो मला दिसलाच नाही. कचकन ब्रेक दाबून ओरडला, "ओ आंटी, अंधी है क्या?" मी त्याला चांगली सुनावली. "आंधळा तुझा बाप," म्हटलं. घरी येऊन देवापुढे बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. मोतीबिंदूच असेल ना हो, मी आधीच विचारून टाकलं. त्यांनी एका मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोर बघत राहायचं. कडेला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके आले, मी दाबत गेले. मला उगाच पहिला नंबर काढल्यासारखं वाटायला लागलं. मग ठिपके येईनात. मी वाट बघत राहिले. कुठेच काही चमकेना. वाटलं, बंद पडलं वाटतं. मी विचारलं, "अगं, मशीन बंद पडलं का?" तिथली मुलगी म्हणाली, "नाही आजी. चालू आहे."

तेव्हा, नाना. तेव्हा मला कळलं.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं कडेचं बरंच गेलंय, उजव्याचं सुरू झालंय. डॉक्टर म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं. थेंब दिलेत. ऑपरेशनचं बघू म्हणाल्या, त्यानेही फक्त पुढचं जाणं लांबतं म्हणे. "घरच्यांना घेऊन या पुढच्या वेळी," असंही म्हणाल्या. मी मान डोलावली आणि कुणालाच नेलं नाही. थेंबांची बाटली फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आहे.

तुम्हाला का नाही सांगितलं, ते ऐका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हे. मी एवढी थोर नाही. मला भीती होती की तुम्ही जराही दचकणार नाही. तुम्ही जरासे बाजूला सरकाल आणि म्हणाल, "ये, बस." जसं आपल्या गावचं माणूस भेटल्यावर करतात तसं. आणि मग मी कायमची तिकडची झाले असते. एकदा एका मुलीने तुम्हाला विचारलं होतं, सर, तुम्हाला सगळं काळं दिसतं का? तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या पाठीमागे तुला आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का? नाही ना? काहीच नाही. तसं." ती पोरगी मजेत हसली. मी तेव्हा विसरले. आता रोज पहाटे, डोळे उघडायच्या आधी, ते आठवतं. काळं असतं तरी एक वेळ चाललं असतं. काळ्याला निदान काळं म्हणता येतं. डावीकडे माझी पाठ वाढत चाललीये, नाना, आणि ती हळूहळू पुढे येतेय.

मला तुम्हाला किती विचारायचं होतं. स्वयंपाक कसा करायचा. रस्त्यात कुणी विचारलं तर काय सांगायचं. वाचायचं कसं, हो, वाचायचं कसं? आणि रागवायचं नाही, पण हे सगळ्यात जास्त: भीती जाते का? की तुम्हीही आयुष्यभर घाबरून होतात आणि नुसता आवाज चढवून वेळ मारून नेलीत? मला कधीकधी वाटायचं की तसंच असणार. गॅस बंद केला का, हे तुम्ही कुमुदला किती वेळा विचारायचात! पण तुम्हाला भित्रा म्हणायची हिंमत कुणात होती? ती पदवी माझ्या एकटीची.

आपली शेवटची पहाट मला पुन्हा पुन्हा आठवते. मी तुम्हाला पेपर वाचून दाखवत होते. ओळीची सुरुवात डावीकडे असते, तिथेच माझं निसटतं. मी खालची एक ओळ गाळून पुढे गेले. तुम्ही थांबवलंत. "आज ओळी सोडून वाचत्येस."

"चष्म्याचा नंबर बदललाय. करायचाय नवीन."

"बरं," म्हणालात.

तुमचं 'बरं' एवढं छोटं कधी नसतं. मग होडीचं इंजिन गेलं, बुलबुल ओरडला, तरी पहाट झाली म्हणून मला चिडवलं नाहीत. शेवटी म्हणालात, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, विजूबाई."

मी म्हटलं, "हे घालू का पानात? मुलांना आवडेल."

तुम्ही हसलात. "घाल," म्हणालात.

तुम्हाला कळलं होतं का? की म्हण आठवली आणि बोललात? तुम्ही म्हणी काय, शिळ्या भातासारख्या कधीही काढायचात. मी हजारदा विचार केला, मला ठरवता येत नाही. कळलं होतं तर दोन शब्द नीट का बोलला नाहीत? आणि कळलं नव्हतं तर माणूस आयुष्यभर ज्याचे डोळे वापरतो ते विझताना त्याला कळू नये? मला तुमचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेय.

मी ठरवलं होतं, दुसऱ्याच दिवशी सांगायचं. बसमध्ये वाक्यसुद्धा जुळवलं, इंग्रजीत, म्हणजे तुम्ही आधी व्याकरण बघाल आणि तेवढ्यात मला रडून घेता येईल. तुमच्या मजल्यावर लिफ्ट उघडली तर दार सताड उघडं आणि बाहेर चपला. पहाटे तुमच्या दारात चपला कुणाच्या असणार? मी लिफ्टमधून बाहेरच येईना. लिफ्टचं दार दोनदा माझ्या अंगावर येऊन मागे गेलं. तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीतच होतात. कुमुद म्हणाली, "चहा ठेवायला आत गेले, आले तर असा." बाहेर अजून काही दिसत नव्हतं, नुसता ओहोटीचा वास येत होता. म्हणजे तुमच्या हिशोबाने पहाट झालेली होती. मरतानासुद्धा वाद सोडला नाहीत.

आणि आता कालचं सांगते. तेवढ्यासाठीच बसलेय.

खाडीवरच्या घाटावर बऱ्याच घरांचे दहावे होते. कुमुद हट्टाने आली म्हणून मीही गेले. विधी तिच्या मुलाने, मंदारने केले. पिंड पत्रावळीवर ठेवून सगळे मागे झाले. कावळे झाडावर होते, कठड्यावर होते, शेजारच्यांचे शिवून गेले. आपल्याकडे एक फिरकेना. मला वाटलं, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मराठीत बोलवू नका, इंग्रजीत बोलवा. मंदार हात जोडून म्हणाला, "मामा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. कुमुद म्हणाली, "नाना, पुस्तक पुरं करू हो. विजू आहे." तरी नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, "आणखी कुणाच्या मनात काही असेल तर बोलून टाका. आत्मा अडलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुमचा तर अजिबात नव्हता. पण तुमचं काय अडलंय ते तिथे फक्त मला माहीत होतं ना.

मी पुढे झाले. हात जोडले, मान खाली घातली. आधी मनात म्हटलं. मग वाटलं, मनातलं तुम्हाला कधी चाललंय? म्हणून मोठ्याने म्हटलं. "नाना, माझे डोळे चाललेत. डावा बराच गेलाय, उजवाही जाणार आहे. चष्म्याचं मी खोटं सांगितलं. मला फार भीती वाटते हो. तिकडे कसं राहायचं ते मला तुम्हीच सांगायला हवं होतंत. आता मी कुणाला विचारू?"

मागे कुठेतरी 'शिवला, शिवला' असा गलका झालेला मी ऐकला. वाटलं, शेजारच्यांचं असेल. मी तशीच उभी राहिले, पिंडाकडे बघत. कावळा काही येईना. मी पुन्हा म्हटलं, "नाना, ऐकताय ना?"

माझ्या खांद्यावर हात आला. कुमुद होती.

"विजू," ती म्हणाली, "हे आपलं पान नाही गं. गुरुजींनी आपलं उचलून तिकडे कठड्याच्या टोकाला नेलं. कावळा केव्हाच शिवून गेला."

मी मान वळवली. सगळी मंडळी तिकडे होती, आवरायलाही लागलेली. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी माणसापुढे हात जोडून उभी होते. "केव्हा नेलं?" मी विचारलं. "मला कसं दिसलं नाही?"

"तू पुढे आलीस तेव्हाच, तुझ्या डावीकडून नेलं," कुमुद म्हणाली.

तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर माझ्या मुलाला फोन लावेल. तिने पदराने माझं तोंड पुसलं, जोरात, पोराचं पुसतात तसं. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या.

"इथे धर," तिने स्वतःचं कोपर दाखवलं. "लटकायचं नाही. अर्धं पाऊल माझ्या मागे राहायचं. मी थांबले की समजायचं, पायरी आली."

"अगं, मला दिसतंय अजून!" मी चिडलेच. लोक बघत होते.

"दिसतंय तोवरच शिकायचं असतं," ती म्हणाली. "नानाचे डोळे गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी चार. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. फार पडलो गं आम्ही."

मी तिचं कोपर धरलं. पुढची पायरी मला दिसत होती, नाना, अगदी स्वच्छ दिसत होती. तरी मी कुमुद थांबायची वाट बघितली.